बासष्ट किलोचं गाणं

हत्तुरे सरांच्या जिममध्ये स्पीकर एकच,
कोपऱ्यात, टॉवेलच्या फाटक्या गाठोड्यावर ठेवलेला.
जो आधी येईल त्याचा.
म्हणून सिद्राम साडेपाचलाच येतो
आणि गड्ड्याची जत्रा इथंच भरल्यासारखं काहीतरी लावतो.
आरसे हलतात.
त्याचा डेडलिफ्ट वाढतो म्हणे त्यानं.
माझ्या नुसत्या दाढा थरथरतात.

इरफाननं हेडफोन दिला, "हे ऐक बे, आग आहे आग."
होती आग.
बार गुडघ्यापर्यंत आला तोवर
गाणं पुढच्या कडव्यात पोचलं होतं.
गाण्याला घाई असते,
लोखंडाला कुठं जायचं असतं?

हलगी लावून बघितली.
हलगीवर पाय आपोआप उचलतात,
आणि स्नॅचच्या आधी पाय गप्प लागतात.
सनईवर तर भलतंच झालं,
ताईची पाठवणी आठवली,
चाळीस किलो हातात घेऊन नाक पुसता येत नाही.

अम्मा विड्या वळताना मोजते,
ओकटी, रेंडू, मूडू,
ते मी मोबाईलवर घेतलं, तिला न सांगता.
पंचवीसला कट्टा,
मध्ये दोऱ्याचा कर्रर्र,
मध्येच कुकरच्या शिट्टीला एक शिवी.
वॉर्म-अपला चालतं ते. पस्तीसपर्यंत.
त्याच्या वर अम्मा दमते. किंवा मी.

यादीत एकोणीस होती, चौदा खोडली.
सर वहीत डोकावले, म्हणाले,
"सुप्रजा, स्पर्धेत मंचावर स्पीकर नसतो.
एक मिनिट असतं, घड्याळ असतं,
आणि खोकणारा एखादा पंच.
तिथं काय लावणार?"
मी म्हटलं, बघते सर.
काय बघणार होते कोण जाणे.

आमच्या घरात झोप लागते ती मागाच्या आवाजात.
भिंतीपलीकडे नान्नांचा माग, खटॅक् खटॅक्,
रात्रपाळीला गल्लीत एवढाच उरलाय.
बाकीचे भंगारात गेले,
कोण सांगावं, आमच्या प्लेटांत
कुणाचा तरी माग वितळलेला असेल.
मी पाळण्यात असताना लाईट गेली की रडायचे म्हणे.

त्या रात्री अडीचला मी दचकून उठले.
आवाजानं नाही,
आवाज थांबला म्हणून.
ताण्यातला धागा तुटला होता.
अम्मा अंथरुणात जागी.
पलीकडे बोम्मांच्या घरात कुणीतरी खाकरलं.
अख्खी गल्ली कान देऊन पडलेली,
आणि भिंतीमागे नान्ना टोक शोधत असणार,
बोटाला थुंकी लावून,
श्वास धरून,
दोन टोकं, एक पीळ.
चौतीस वर्षं झाली, अजून तिथं घाई करत नाहीत.
मी मोजलं, अकरा श्वास.
मग खटॅक्.
गल्ली कुशीवर वळली.
मी नाही वळले.

सकाळी सव्वापाचलाच गेले.
स्पीकरला हात लावला नाही.
बासष्ट चढवले, चॉक लावला,
बारजवळ उभी राहिले
आणि माग थांबलाय असं धरलं.
पाच, सहा,
नऊला उचलला.
मागं पडला. धाड.
घाई केली मी, दोन श्वास आधीच.

तेवढ्यात सिद्राम आला.
बॅग टाकली, स्पीकरकडे वळला,
बटणावर बोट ठेवलं,
माझ्याकडे बघितलं,
आणि बोट तिथंच राहिलं.
बाहेर पाण्याचा टँकर मागं येत होता, तोही थांबला.
नऊ.
दहा.
अकरा,

हात सरळ, कान मधोमध,
वर पत्र्यात एक भोक, त्यातून उजेड,
बासष्ट किलो डोक्यावर
आणि कुठंच काही वाजत नव्हतं.

बार खाली आला तेव्हा खिडकीची काच बोलली.
सिद्रामनं धरलेला श्वास सोडला, म्हणाला,
"आता लावू का बे?"
लाव म्हटलं.